दसऱ्यापासून उलटं मोजताना

फुलबाजारातली माझी पहिली पट्टी, म्हणजे अडत्यानं दिलेली विक्रीची पावती, मी अजून जपून ठेवली आहे. झेंडू, दोन क्रेट, सव्वीस किलो, दर आठ रुपये. अडत आणि हमाली वजा जाता हातात आले १८६ रुपये. तारीख ५ ऑक्टोबर २०२२, म्हणजे खुद्द दसरा. आदल्या दिवशी सकाळी हाच झेंडू चाळीसनं गेला, असं शेजारच्या क्रेटवाल्यानं सांगितलं. आम्ही दसऱ्याची फुलं दसऱ्याच्या दिवशी घेऊन गेलो होतो. उजाडेपर्यंत गोदाकाठी गाड्यांवर गाड्या लागल्या आणि नऊच्या सुमाराला लोक क्रेट तिथंच उपडे करून रिकामे घेऊन निघाले. परतताना मिस्टर म्हणाले, "झालं आपलं सीमोल्लंघन."

आमची जमीन नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे. वाटण्या होऊन आमच्याकडे उरली सव्वा एकर. सासऱ्यांनी लावलेली द्राक्षबाग २०२१ मध्ये काढली, अँगल आणि तारा विकून कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला. आता त्या जागी टोमॅटो असतो. मिस्टर सातपूरच्या एका कंपनीत शिफ्टला जातात, त्यामुळे शेत म्हणजे सासूबाई, मी आणि गरजेला एक मजूर बाई. विहिरीच्या कडेचे बारा गुंठे तिरके आहेत, तिथे टोमॅटोच्या सऱ्या नीट बसत नाहीत. ते मी मागून घेतले. मुलीची कॉलेजची फी टोमॅटोच्या भावावर अवलंबून ठेवायची नाही, एवढाच हिशोब तेव्हा डोक्यात होता. आणि भाजीपेक्षा फुलांचं ओझं कमी, हाही होता. नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणायचे हे शाळेत शिकवलेलं होतं, ते १८६ रुपये मोजताना आठवलं.

नातेवाइकांचा सल्ला होता पॉलिहाऊसचा. जानोरी-मोहाडीकडे गुलाबाची पॉलिहाऊसं उभी आहेत, बघायला आम्ही जाऊनही आलो. फूल असं की हात लावायची भीती वाटावी. पण दहा गुंठ्यांचं म्हटलं तरी लाखांत पैसा, त्यात बँक, त्यात अनुदानाची वाट बघणं. द्राक्षाचं कर्ज फिटून वर्ष व्हायचं होतं. घरात कोणीच जोर केला नाही, आणि मी उघड्यावरचीच फुलं करायची ठरवलं.

झेंडूनं तोंडात मारल्यावर मी ग्लॅडिओलसकडे गेले, कारण त्याचा भाव किलोवर नसतो, दांड्यावर असतो. पुण्याकडून पंधराशे कंद मागवले, कंदाला पाच रुपये पडले. साधारण एक गुंठा जागा. १० ऑक्टोबरला एकाच दिवशी सगळे लावून मोकळी झाले. कंद विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पंचाहत्तर दिवसांत दांडा. मी बोटांवर मोजलं : डिसेंबरची अखेर. डिसेंबर म्हणजे लग्नं, लग्नं म्हणजे हॉलची सजावट, सजावट म्हणजे ग्लॅडिओलस. यात एक नाही, तीन चुका होत्या, आणि तिन्ही एकाच वेळी फळाला आल्या.

पहिली थंडीची. नाशिकची थंडी द्राक्षाला गोडी आणते म्हणतात, ग्लॅडिओलसला ती झोपवते. रात्री आठ-नऊ अंशांवर आल्या की पीक जागच्या जागी थांबतं. पंचाहत्तर दिवसांचे पंच्याऐंशी झाले. दुसरी, सगळे एका दिवशी लावले म्हणून सगळे एकदम आले. चार जानेवारीला पन्नास दांडे, सहाला दोनशे, आठला तीनशे. दोन माणसांनी शेकड्यांनी दांडे कापून, जुड्या बांधून, रात्री पाण्यात ठेवून पहाटे बाजारात पोचवायचे, तेही दहा दिवस रोज. आणि नंतर दोन महिने काही नाही. तिसरी चूक मला अडत्या भाऊंनी दाखवली. जुडी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "वहिनी, फूल एक नंबर आहे. पण दिवस कुठला आणलाय?"

पौष चालू होता. २४ डिसेंबरला लागला होता आणि २१ जानेवारीच्या अमावस्येपर्यंत होता. पौषात आपल्याकडे लग्न नसतं हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू, माझं स्वतःचं लग्न पौष संपायची वाट बघून माघात झालेलं आहे. पण मी डिसेंबर-जानेवारीत विचार करत होते आणि बाजार मार्गशीर्ष-पौषात चालत होता. वीस दांड्यांची जुडी तीस रुपयांना दिली. माघ लागला, हॉलवाले फुलं शोधायला लागले, तेव्हा माझ्या वावरात नुसती पाती उभी होती.

याच दहा दिवसांतली आणखी एक गंमत सांगते, कारण ती कोणी आधी सांगत नाही. पहिल्या संध्याकाळी मी जुड्या क्रेटमध्ये आडव्या घातल्या, द्राक्षाच्या पेट्या लावतात तशा नीट, कागद घालून. सकाळी बघते तर सगळ्या दांड्यांची टोकं वर वळलेली, छत्रीच्या मुठीसारखी. हे फूल तोडल्यावरही आकाश कुठंय ते शोधत राहतं. आडवं ठेवलं की टोक वर उचलतं आणि मग काही केल्या सरळ होत नाही. बाजारात त्या दिवशी माझ्या जुड्यांना एका हारवालीनं नाव ठेवलं, "वाकडतोंडे". तेव्हापासून दांडे बादलीत उभेच ठेवते, मोटारसायकलवर नेतानासुद्धा. मागच्या सीटला दोन्ही बाजूंनी तेलाचे पंधरा लिटरचे डबे कापून लावले आहेत, त्यात चार बोटं पाणी.

फेब्रुवारीत मी कालनिर्णय भिंतीवरून काढून जेवायच्या जागी आणून ठेवलं आणि पेन्सिलीनं उलटं मोजायला बसले. सासूबाईंना हे फार आवडलं. मला एवढ्या वर्षांत एकादशी कधी हे त्यांना विचारावं लागायचं, आणि आता मी त्यांना विचारत होते की संकष्टीला फूल जास्त जातं की पौर्णिमेला. २०२३ चं पान उलटलं आणि दिसलं की श्रावण दोन आहेत. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक. म्हणजे गणपती थेट १९ सप्टेंबरला, दसरा २४ ऑक्टोबरला. आधीच्या वर्षापेक्षा सगळं अडीच-तीन आठवडे पुढे ढकललेलं.

त्या वर्षी मी अॅस्टर केला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ वाण आहेत, पांढरा, गुलाबी, जांभळा. त्यातले दोन घेतले. अॅस्टरचं बी टाकल्यापासून फूल यायला मी एकशे पंधरा दिवस धरते. महिनाभर वाफ्यावर रोप, मग लागण, मग शेंडा खुडायचा म्हणजे बाजूनं फुटवे येतात आणि एका झाडाला दहा-बारा देठ मिळतात. गणपतीपासून उलटं मोजलं तर बी टाकायचा दिवस आला २७ मे. मेच्या उन्हात वाफा करायचा म्हणजे वर शेडनेट, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. सासूबाई बघून म्हणाल्या, "लेकरांना एवढं कधी जपलं नाहीस." जुलै सरताना झाडं गुडघ्याला लागली. आमच्या वाटेवरच्या एका शेतकऱ्यानं अॅस्टर आधीच्या वर्षाच्या तारखेनं लावला होता. त्याचं फूल ऑगस्ट अखेरीला तयार, तेव्हा नुकता निज श्रावण चालू. देवदर्शनाला थोडं गेलं, पण गणपती येईपर्यंत त्याची झाडं संपत आली होती. माझं फूल गणपतीच्या आदल्या आठवड्यात सुरू झालं. गौरींच्या दोन दिवसांत जे पैसे झाले, ते मी तिथंच बाजाराच्या कडेला मोजले आणि परत मोजले.

आनंद बारा दिवसांचा. गणपती गेले की पितृपक्ष लागतो आणि फुलबाजार ओस पडतो. झाडावर फूल होतं, उचल नव्हती. तेव्हापासून अॅस्टरचं बी मी दोन वेळा टाकते, मधे पस्तीस दिवस सोडून. पहिला गणपतीला, दुसरा नवरात्रापुढे. मधला पंधरवडा झाडानं विश्रांती घ्यावी आणि आम्हीही. अॅस्टरबद्दल दोनच गोष्टी सांगते. जागा दरवर्षी बदला, एकाच जागी लावला की मर लागते, झाडं सुकून जातात. आणि बी गेल्या वर्षीचं वापरू नका, उगवण इतकी पडते की वाफा टकलावतो.

त्याच दिवाळीनंतर ग्लॅडिओलसचा हिशोब चुकता करायचा होता. कंद या वेळी तीन हप्त्यांत लावले, ५ सप्टेंबर, २० सप्टेंबर आणि ५ ऑक्टोबर. पहिला हप्ता तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नतिथींसाठी. मोजणी चुकली नाही. २५ नोव्हेंबरला संध्याकाळी वावरात उभी राहिले तेव्हा शंभरभर दांड्यांच्या खालच्या कळ्यांनी रंग दाखवला होता आणि एका डेकोरेशनवाल्यानं चारशे दांडे सांगून ठेवले होते. २६ तारखेला, रविवारी, गारा पडल्या. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांना ती तारीख सांगायला लागत नाही. आमच्याकडे पाव तास पडल्या. कोंबडी कापल्यावर पिसं पडावीत तशी पाती चिरून पडली होती. दांडे मधोमध मोडलेले, आणि जे उभे होते त्यांच्या कळ्यांवर काळे डाग. डेकोरेशनवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "ताई, मला कळलंच होतं, मी कल्याणहून मागवतोय."

पंचनाम्याला माणसं आली. टोमॅटोचं लिहून घेतलं. फुलांचं विचारलं तर सातबाऱ्यावर फुलं नव्हतीच, ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाची सरकारी नोंद आपणच मोबाईलवरून करतो त्यात, मी ती नोंदवलीच नव्हती. गुंठाभराचं काय नोंदवायचं, असं वाटलं होतं. आता मोबाईलमध्ये फोटो काढून पहिल्या आठवड्यातच नोंदवते, अर्धा गुंठा का असेना.

दुसरा हप्ता लहान होता, पाती फाटली पण दांडा अजून पोटात होता, म्हणून तो वाचला. तो आला मार्गशीर्षात. आणि माझ्या या सगळ्या उद्योगाचं जे काही झालं ते त्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी झालं, अगदी योगायोगानं.

१४ डिसेंबर २०२३. आदल्या दिवशी बाजारात जुडीला भाव नव्हता म्हणून वीसेक जुड्या मिस्टरांनी परत आणल्या होत्या. गुरुवारी पहिली पाळी. म्हणाले, जाता जाता गंगापूर रोडला कुणाला तरी देतो, फेकण्यापेक्षा बरं. मी गुरुवार आहे म्हणून जुडीत दोन ग्लॅडिओलस, चार अॅस्टर, मूठभर झिप्री शेवंती आणि बांधावरच्या पाच झाडांच्या डहाळ्या घातल्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटात पाच पालवी लागतात, आणि शहरात आंब्याची डहाळी मिळवायची तर कुणाच्या तरी कंपाउंडवर चढावं लागतं. साडेसहाला एका सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनपाशी डबे टेकवले. कंपनीचा भोंगा चुकू नये म्हणून मिस्टर घड्याळ बघत उभे. दूध घ्यायला आलेल्या बायकांनी दहा मिनिटांत वीसच्या वीस नेल्या, चाळीस रुपयांना एक. एकीनं विचारलं, पुढच्या गुरुवारी येणार ना? ह्यांनी काहीच न ठरवता हो म्हणून टाकलं.

बाजारात तीच फुलं सुटी सुटी विकली असती तर जुडीचे बारा रुपये झाले नसते. डहाळ्यांना तर भावच नाही. तिथं त्या बायका फुलांचे पैसे देत नव्हत्या, गुरुवारची सगळी तयारी एका हातात मिळते याचे देत होत्या. हे मला त्या दिवशी कळलं नाही. चौथ्या गुरुवारी कळलं, जेव्हा फुलं कमी होती म्हणून मी डहाळ्या काढून फुलं वाढवली आणि दोघींनी तक्रार केली.

मार्गशीर्ष संपल्यावर मला वाटलं, झालं. पण अकरा घरांनी सांगितलं की दर गुरुवारी आणा. घटासाठी नाही, फ्लॉवरपॉटसाठी आणि देवासाठी मिळून. आज चौतीस घरं आहेत. बुधवारी दुपारी व्हॉट्सअॅपवर सांगते की उद्या काय आहे, कुणाला नको असेल तर संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं. जुडी साठ रुपये. एक आजी आहेत, त्यांना गुरुवारी पिवळंच हवं, पांढरा निशिगंध दिला तरी फोन येतो. त्यांच्यासाठी शेवंतीचा एक वेगळा वाफा आहे असं म्हटलं तरी चालेल. जुडीत भर घालायला मी शेपू फुलावर सोडते. पिवळसर छत्र्या दिसतात आणि खर्च एक रुपया नाही. एका तरुण मुलीनं फोटो काढून विचारलं, हे इंपोर्टेड आहे का? मी म्हटलं, भाजीत घालतो आम्ही.

बुधवारचा दिवस सांगते, कारण खरं काम तिथं आहे. लावणं, खुरपणं, भर लावणं हे कुठल्याही पिकात आहे. फुलाचं वेगळेपण कापणीत आहे. पूर्वी मी पहाटे चारला कापायचे. आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे, गंगापूर धरणाच्या बाजूनं येतो, मागच्या आळीतलं कुत्रं नेलं त्यानं. मी हातात बॅटरी घेऊन कापतेय आणि सासूबाई बांधावर उभ्या राहून स्टीलचं ताट पळीनं बडवतायत, असे आम्ही दोन महिने काढले. गुरुवार सुरू झाल्यावर बुधवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर कापायला लागले आणि ते ताट स्वयंपाकघरात परत गेलं. संध्याकाळच्या दांड्यात दिवसभराचं अन्न भरलेलं असतं आणि रात्रभर बादलीत तो पाणीही पितो. उन्हात कापला की मात्र संपला.

बादली घेऊन वावरात जायचं, फूल गोळा करून बादलीकडे यायचं नाही. कापलं की तीस सेकंदांत पाण्यात. द्राक्षछाटणीच्या सिकेटरनं देठ चिमटतो, म्हणून मी फुलांना धारदार सुरी वापरते आणि काप तिरका घेते. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की कापायचा, झाडावर चार तरी पानं ठेवायची, नाहीतर खालचा कंद पोसत नाही. निशिगंधाची छडी खालची दोन-तीन फुलं उमलल्यावर. अॅस्टर मात्र पूर्ण उमललेलाच हवा, कळीत कापला तर पाण्यात उमलत नाही, मान टाकतो. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढायची. पहिल्या महिन्यात मी हे करत नव्हते आणि तिसऱ्या दिवशी तक्रारी, "पाण्याला वास येतो." पाण्यात मी बादलीला चमचाभर साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस टाकते. बादली मात्र आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडरनं घासलेली पाहिजे. घाणेरड्या बादलीत साखर टाकली तर जंतूंचंच जेवण होतं. आणि रात्री बादल्या ठेवायच्या त्या खोलीत पिकलेली केळी, टोमॅटो ठेवायचे नाहीत, त्यांच्या वायूनं फुलं लवकर गळतात. टोमॅटो पिकवणाऱ्याच्या घरात हे सांभाळणं म्हणजे काय ते विचारू नका.

निशिगंध मी २०२३ च्या मेमध्ये दोन गुंठ्यांत लावला. एकेरी, ‘फुले रजनी’. एकदा लावला की अडीच-तीन वर्षं हलवावा लागत नाही, आणि जुडीला नको झालेली सुटी फुलं हारवाल्यांकडे किलोवर जातात. माझ्या बाजूनं बोलायचं तर हेच एक पीक मला रडवत नाही. फक्त पहिल्या वर्षी एका कोपऱ्यात झाडं खुजी राहिली, उपटली तर मुळांना गाठी, म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे बारीक कृमी. त्या कोपऱ्यात आता झेंडूच लावते. झेंडूच्या मुळांपाशी सूत्रकृमी कमी होतात. झेंडूनं १८६ रुपयांची भरपाई अशी केली.

सासूबाईंचा एक नियम होता : त्या चार दिवसांत फुलाला हात लावायचा नाही, देवाची फुलं आहेत. मी वाद घातला नाही. त्या दिवसांत बुधवार आला की त्याच कापायच्या, मी बांधावर बसून सांगायचे, ती नको, तिच्या बाजूची. दोन-तीन महिने त्यांनी केलं. मग गुडघा धरला. एका बुधवारी त्यांनी बादली माझ्या पुढ्यात आणून ठेवली आणि काही न बोलता आत गेल्या. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. उरलेली फुलं उकिरड्यावर टाकायची नाहीत हा नियम मात्र कायम आहे, ती कढीपत्त्याच्या आळ्यातच जातात. कढीपत्ता घराच्या पत्र्याला लागला आहे.

कंदांचंही सांगायला हवं, कारण दरवर्षी साडेसात हजार घालवायचे म्हणजे धंदा संपला. दांडे कापल्यावर दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडतात, तेव्हा कंद काढायचे, बुरशीनाशकात बुडवून सावलीत वाळवायचे. नवीन कंद तीन महिने झोपतो, लगेच लावला तर उगवत नाही. पहिल्या वर्षी मी पोत्यात भरून खाटेखाली ठेवले आणि जूनमध्ये पोतं उघडलं तर निम्मे मऊ. पुढच्या वर्षी द्राक्षाच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये ओळखीनं चार जाळीदार क्रेट ठेवायला मिळाले. तिथून काढलेले कंद एकसारखे उगवतात. आता वर्षाला तीनशेच विकत घेते.

पैशाचं. मागच्या वर्षभरात चौतीस घरांचे अडतीस गुरुवार झाले, एप्रिल-मेमध्ये फुलं टिकत नाहीत म्हणून बंद. काही घरं मधे गावाला जातात, ते धरून जुड्यांचे साधारण सत्तर हजार आले. गणपती, दसरा आणि निशिगंधाची सुटी फुलं मिळून बाजारातून पंचावन्न. खर्च, म्हणजे बी, कंद, शेणखत, ठिबकच्या नळ्या, मजूर बाईची हजेरी, रद्दी, रबर, पेट्रोल, एक्कावन्न हजार. उरले चौऱ्याहत्तर. महिन्याला सहा हजारांच्या थोडे वर. माझी आणि सासूबाईंची मजुरी त्यात धरलेली नाही, धरली तर वही बंद करून ठेवावी लागेल. पण दोन वर्षांची फी त्यातून गेली आहे, आणि टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली त्या आठवड्यातही गुरुवारचे पैसे आले. ज्यांना वाटतं फुलांत लाखो आहेत, त्यांना मी ही वही दाखवते. दोघी बघून गेल्या, एकीनं तरीही फुलं लावली.

२०२५ नं परत जागेवर आणलं. गणपती २७ ऑगस्टला, म्हणून बी ४ मेला टाकलं. आणि मेमध्येच पावसाळा लागावा तसा पाऊस. वाफ्यावरची रोपं बुडाशी सडून एका रात्रीत आडवी झाली. दुसऱ्यांदा टाकलेल्या बियांचं फूल आलं ते सप्टेंबरच्या मध्याला, ऐन पितृपक्षात. तेव्हा वाफे आता वीतभर उंच करते आणि बी दोन जागी, दोन दिवसांच्या अंतरानं टाकते.

यंदा कुणी म्हणतं सिंहस्थासाठी फुलं वाढवा, २०२७ मध्ये नाशिकला माणूस मावणार नाही. मावणार नाही हे खरं. पण त्या गर्दीतून पहाटे डबे लावलेली मोटारसायकल गंगापूर रोडला कशी पोचणार ते आधी कुणीतरी सांगावं. मी चौतीसची चाळीस घरं करीन, त्यापुढे नाही.

परवा कालनिर्णय घेऊन बसले. यंदा ज्येष्ठ दोन आहेत, अधिक १७ मेपासून १५ जूनपर्यंत. गणपती १४ सप्टेंबरला. उलटं मोजलं तर अॅस्टरचं बी टाकायचा दिवस आला २२ मे, म्हणजे ऐन अधिकात. सासूबाई अनारशांच्या तांदळाचं बोलत होत्या, नणंदेच्या जावयाला पहिलाच अधिक आहे. मी जरा घाबरतच विचारलं, "आई, अधिकात शुभकार्य नसतं. बी टाकलेलं चालतं का?"

त्यांनी तांदळातून मान वर केली नाही. "बियाला काय बोहल्यावर चढायचंय का? टाक. आणि शेडनेट आत्ताच शिवून घे, मागल्या वर्षीचं फाटलंय."